दाराबाहेरचा पाठ

पाठ संपून दिगंबर निरोप घ्यायला उठला की त्या घरची यजमानीण रीतीप्रमाणे म्हणे, "बसा ना, जेवूनच जा." तो खरोखरच पुन्हा पाटावर बसे. आमच्या सोमवारच्या रुद्रपाठात तो सर्वांत तरुण. शेंद्र्याला कारखान्यात नोकरी, स्वर मात्र निर्दोष.

एके काळी मी त्याला शिकवताना माझी भुवई हलली तरी स्वर कुठे चुकला ते त्याला उमगत असे. पुढे हळूहळू त्याला चेहरे वाचता येईनासे झाले. आम्ही विद्वानांनी निष्कर्ष काढला: पोरगा माजला. मंडळाचे व्यवस्थापक नारायणराव पंगतीत ओरडले, "ताट वाढा हो, जावईबापू बसले!" दिगंबर गंभीरपणे म्हणाला, "मी जावई नाय, काका. मी दिगंबर." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची आज मला किळस येते.

पाचोडहून त्याची आई आली. "गुरुजी, लेकरू आधी असं नव्हतं. कोण हसतंय, कोण रागावलंय, कायच कळंना त्याला. समदे माझ्यावरच हसतात म्हणतो." जन्मभर उपनिषदे सांगणारा मी म्हणालो, "संध्या नियमित करायला सांगा." एवढीच माझी करुणा!

एका सोमवारी पाठात तो घाईने पुढे गेला. नारायणरावांनी हात जोडले, "महाराज, आपण आता येऊच नका. आम्हा पामरांना आपला वेग झेपत नाही." पुन्हा हशा.

दिगंबर यायचा थांबला. एकानेही चौकशी केली नाही. चौथ्या सोमवारी मी पाठ चालू असताना पाणी प्यायला बाहेर आलो. आमच्या चपलांशेजारी उभा राहून तो हलक्या आवाजात आमच्याबरोबर म्हणत होता. हात स्वरांप्रमाणे वर-खाली होत होता.

"आत का येत नाहीस?"

"काकांनी येऊ नका म्हणलं. दारात थांबू नको, असं नाय म्हणलं."

"किती सोमवार उभा आहेस?"

"चारी."

मी स्वतः त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. स्किझोफ्रेनियाची सुरुवात होती. "थट्टा, सूचना, चेहऱ्यावरचे भाव यांचा अर्थ लावणे त्याला जड जाते आहे," ते म्हणाले. "उपचार होतील. तुम्ही त्याच्याशी स्पष्ट बोला." हे वर्षभर डोळ्यांसमोर असून आम्हा शास्त्रीमंडळींना दिसले नव्हते.

पुढच्या सोमवारी दिगंबरला मी माझ्याशेजारी बसवले. नारायणराव कुजबुजले, "गुरुजी, हे वेडं आत कशाला?"

"नारायणराव, आपण उद्यापासून मंडळात येऊ नका. दारातही थांबू नका."

ते हसले. दिगंबरने माझ्याकडे वळून विचारले, "गुरुजी, ही गंमत हाय का?"

"नाही."

त्याने मान हलवली आणि पोथी उघडली.