तोरणाच्या शिव्या, चाफ्याची मतं

चाफा तालमीच्या गोलकीपरला पडलेली मतं अख्ख्या पेठेतल्या माणसांच्या संख्येपुढं गेली होती आणि आकडा थांबत नव्हता. फुटबॉल स्पर्धेचे सेक्रेटरी आबा लॅपटॉप घेऊन माझ्या ऑफिसात उभे होते.

"मॅडम, संध्याकाळी फायनल हाय. मैदानात चाफा आणि तोरणा, दोन्ही तालमींची पोरं असणार. ही मतं वाचून दाखवली तर राडा हुतोय बघा."

"मग बोलवा की तुमच्या पुण्याच्या कंपनीला."

आबांनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. स्पर्धेची ही मतदानाची वेबसाइट आदल्या वर्षी मीच केली होती. मी जवळच्याच बिद्री गावची. क्लास न लावता, जुन्या कॉम्प्युटरवर स्वतः शिकलेली. यंदा कमिटीनं मला न सांगता काम पुण्याला दिलं. 'पुण्याची कंपनी' म्हटलं की बॅनरवर वजन पडतं म्हणे! माझं नाव कुठंच नव्हतं. तो राग मी नीट जपून ठेवला होता.

"त्यांचा फोन लागंना," आबा म्हणाले. "रविवार हाय न्हवं."

"माझी अट आहे. बक्षिसाच्या आधी माइकवर माझं नाव घ्यायचं. सगळ्यांसमोर."

"एवढंच? घेतो की!"

"आणि पुढच्या वर्षीचं काम माझं."

"ते जरा कमिटीला विचारून..."

मी लॅपटॉप मिटला.

"दिलं, दिलं! उघडा त्यो!"

उघडला. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं खेळतात. (नावं बदलली आहेत, मला याच गावात राहायचंय.) सर्वोत्कृष्ट खेळाडू लोकांच्या मतांनी ठरणार होता. पण चाफ्याच्या गोलकीपरवर एवढं प्रेम कुणाचं?

"आबा, तोरणा तालमीच्या ग्रुपवर आहात?"

"हाय की." त्यांनी फोन पुढं केला. तोरणावाले म्हणजे चाफ्याचे कट्टर वैरी. त्यांनी लिहिलं होतं: 'ह्यो बघा भोकपडका गोलकीपर, म्हणं बेस्ट प्लेअर!' खाली त्याच्या पानाची लिंक, आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

आबांनी लिंकवर बोट ठेवलं. लॅपटॉपवरचा आकडा एकानं वाढला.

"आयला! मी कुठं मत दिलं?"

"पान उघडलंत ना? तेच मत."

ब्राउझर सर्व्हरकडं, म्हणजे वेबसाइट ठेवलेल्या कॉम्प्युटरकडं, बहुतेक वेळा दोन प्रकारे मागणी करतो. GET म्हणजे 'दाखवा'. POST म्हणजे 'हे घ्या, नोंदवा'. नवशिका मत GET मध्येच नोंदवतो, कारण नुसता पत्ता टाइप करून तपासता येतं. पुण्यावाल्यांनी तेच केलं होतं. मग बघायला येणारा प्रत्येकजण मतदार होतो. तोरणावाले जितक्या शिव्या वाटत होते, तितका चाफा जिंकत होता!

आबा हसून हसून खुर्चीतून घसरले. मला टेबल धरावं लागलं.

जुनी मतं पुसली. आता लिंक उघडली की फक्त फोटो. मत बटण दाबल्यावरच, POST नं. आबांनी बटण दाबलं, मग उगाच रिफ्रेश केलं. दोन मतं! रिफ्रेश म्हणजे शेवटची मागणी पुन्हा पाठवणं. ब्राउझरनं 'पुन्हा पाठवू का?' असं विचारलं होतं. आबांनी न वाचता हो म्हटलं.

म्हणून मत घेतलं की माणसाला लगेच 'धन्यवाद'च्या पानावर न्यायचं. याला रीडायरेक्ट म्हणतात. मग त्यानं कितीही रिफ्रेश केलं तरी पुन्हा फक्त धन्यवादच मिळतात. शिवाय एका फोनवरून एकच मत घ्यायची सोय केली.

दुपारी नव्यानं मतदान झालं. संध्याकाळी आबा माइकवर गरजले, "मतदान बिनचूक करणाऱ्या, बिद्रीच्या सुजाता कांबळे मॅडम!" टाळ्या, शिट्ट्या, हलगी. मी दोन्ही गॅलऱ्यांकडं वळून हात जोडले. जपून ठेवलेला राग विरघळला. मग निकाल: तोरणाचा स्ट्रायकर, थोडक्या मतांनी.

सकाळी ऑफिसच्या पायरीवर चाफ्याची पंधरा-वीस पोरं बसलेली.

"ताई, काल नाव पुकारलं त्या तुम्हीच न्हवं? मतदान नीट केलेल्या?"

"होय. मीच."

"मग आदीचं काय वाईट हुतं वो? त्येच चालू करा की!"

नवशिक्यांनो, GET मध्ये कधी काही नोंदवू नका. आणि माइकवर नाव घ्यायला लावायचं असेल, तर निकाल कुणाचा लागतोय ते आधी बघून घ्या.