रुपरावच्या हातचं वरणाचं पाणी

आमचे हे, म्हणजे रुपराव, उमरेड रोडच्या वजनकाट्यावर बसतात. ट्रकवाले काय काय लपवतात ते पाहू पाहू यायचा साऱ्या जगावरचा भरोसा उडाला. दूधवाल्याचं दूध हुंगतील, ऑटोवाल्याले रस्ता शिकवतील. माझ्या आईनं लाडू धाडले तरी आधी एक फोडून पाहतील. सांगा आता!

आमची मयुरा सोळा वर्षांची, वजन एकशे तीस किलो. झोपेत पोरीचा श्वास थांबते, मग दचकून उठते. सारे उपाय करून थकलो, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट लहान करायचं ऑपरेशन करू. पण आधी दोन आठवडे नुसतं पातळ, बिनातुपाचं. लिव्हरवरची चरबी उतरली तरच दुर्बिणीनं काम करता येते.

"चांगल्या पोटाले कापतात काहून?" हे म्हणाले. "अन् वरून उपाशी ठेवतात. काहीतरी गोलमाल आहे." मयुरा रडली म्हणून यायनं हो म्हटलं. पण वरणाचं पाणी मीच करीन म्हणे, दुसऱ्या कोणावर भरोसा नाही.

दोन आठवड्यांनी तपासणी झाली. वजन जेमतेम हललेलं, लिव्हर तसंच. ऑपरेशन पुढं ढकललं. मी पोरीवर धावली. दप्तर झाडलं, उशी उलटवली, तोंडाचा वास घेतला.

"खरं सांग वं, काय खाऊन राहिली चोरून?"

"तुझी शप्पथ आई, काहीच नाही," ती हुंदके देत म्हणाली. यायनं तर दवाखान्याच्या काट्यालेच खोटं पाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी. मयुराचा पेला घासाले घेतला, तर आत काठाले पांढरा थर थिजलेला. बोटानं खरवडला. तूप! माझ्या अंगाची आग आग झाली. पेला यायच्यासमोर आपटला.

"कापाच्या आधी अंगात ताकद नको का?" हे खाली पाहत म्हणाले. "दर पेल्यात दोनच चमचे टाकत होतो. टेबलावर पोरगी हातची गेली तर?"

"अन् झोपेत गेली तर?" मी ओरडली.

मयुरा दारातच उभी होती. "बाबा, मी विचारलं होतं तुम्हाले, तूप आहे का म्हणून. तुम्ही नाही म्हणाले."

नवी तारीख मिळाली. तुपाचा डबा मी शेजारच्या यमुताईकडे नेऊन ठेवला. आज यायनं पुन्हा पाणी केलं, साधं, माझ्या डोळ्यासमोर. मयुरानं पेला घेतला, उजेडात धरला, हुंगला, अन् बापाच्या हातात परत दिला.

"आधी तुम्ही प्या."

मले रडूच आलं. यायनं पेला तोंडाले लावला.