ठकीची थोरली लेक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — ते हलकं होऊच नये. राग येतो म्हणून सांगतेय. माझाच.

मी महाडला शाळेत इतिहास शिकवते. सुनांच्या माहेरांसकट घराण्याची वंशावळ तयार केली, म्हणून गेल्या दिवाळीत भावकीनं मला शाल दिली. काका म्हणाले, पोरीनं मुळं शोधली. मी हसून शाल घेतली. कसा पुढे झाला असेल माझा हात?

आजीचं माहेर नाते या गावातलं. तिचे वडील तिथले मोठे शेतकरी, मानाचे. पण तिची आई रागावली की आजीला म्हणायची, "तू माझी नायस." आणि दरवर्षी भाताच्या झोडणीला डोंगरातली एक बाई खळ्याच्या कडेला येऊन उभी राहायची. काही मागायची नाही. आजीकडे बघायची, जायची. तिचं नाव ठकी, एवढंच आजीला ठाऊक होतं. ऐंशी उलटल्यावर आजी मला म्हणाली, "एवढी शिकलीस. माझी आई कोण ती बघ गो. मरायच्या आधी कळूदे."

मी निघाले — हौसेनं निघाले, तेही लपवत नाही. नाते गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, ठकी कातकऱ्यांची, त्या घरी शेतावर कामाला होती. पुढे लग्न होऊन पोलादपूरच्या पलीकडे, कशेडी घाटाच्या पायथ्याला गेली. मी त्या कातकरवाडीवर पोचले. ठकी कधीच वारली होती. तिची धाकटी लेक सोनी दारात करवंदं निवडत बसली होती. हनुवटी आजीचीच. मान वर करायची पद्धतही तीच.

मी कुणाची नात ते सांगितल्यावर सोनीनं सगळं सरळ सांगितलं. मालकाला बायकोपासून मूल होत नव्हतं. ठकीला त्याच्यापासून मुलगी झाली. ती त्यानं उचलून घरात नेली, बायकोच्या ओटीत घातली आणि ठकीला कामावरून काढलं. ठकीला कोण विचारतंय? — आणि तो माझा पणजोबा. त्याच्या फोटोला आम्ही हार घालतो. मी वर्गात पोरांना जुलमी राजे शिकवते.

मग सोनीनं विचारलं, "आई मरेपर्यंत तिचंच बोलायची. हाय का गो ती अजून?"

आजी तेव्हा महाडला, माझ्या माहेरच्या ओटीवर, माझीच वाट बघत बसलेली.

मी म्हणाले, "नाही. गेली ती."

का? माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे. तेव्हा स्थळंसुद्धा बघायला लागलो नव्हतो. खरं एवढंच, की त्या झोपडीसमोर मला माझ्याच रक्ताची शिसारी आली.

सोनी रडली नाही. पानाच्या द्रोणात करवंदं भरून तिनं माझ्या हातात दिली. "तिची नात तू. खा." वळण पार होताच मी तो द्रोण गाडीच्या खिडकीतून फेकला.

घरी आजीनं नुसतं वर बघितलं. काही सापडलं नाही, म्हणाले मी. "ऱ्हाऊदे," ती म्हणाली, "उन्हाची दमलीस." आणि सुनेला मला पाणी द्यायला सांगितलं.

त्यानंतर आजी दोन पावसाळे जगली. शेवटी माणसं ओळखेना, तेव्हा दारात येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायची, "ठकी काय गो तू?" भाजीवालीला, शेजारणीला, माझ्या मैत्रिणींना. आणि मी — मी तिच्यावर डाफरायचे. लोकांसमोर. गप्प बस म्हणायचे.

दोन बहिणींना एकमेकींचं तोंड बघता आलं असतं. महाडहून तास-दीड तासाचा तर रस्ता. वंशावळीत आजीच्या आईच्या जागी मी ठकीचं नाव लिहिलं नाही. पणजोबानं जे केलं, तेच मीही केलं. त्याला निदान कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

सोनी अजून आहे. परवा खेडला जाताना वाडीच्या फाट्यावर दिसली, एसटीची वाट बघत, एकटीच. नवऱ्यानं गाडी हळू केली, इथे चहा घेऊ म्हणाला.

मी म्हणाले, "इथे नको. पुढे."