लॅमिनेट केलेला बोर्डिंग पास

गाडीताई शाळेची बस घेऊन कोपऱ्यावर यायच्या तेव्हा निम्म्या पोरींच्या वेण्याही घालून झालेल्या नसायच्या. हॉर्न मात्र त्या कधी वाजवत नसत. स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून नुसत्या बसून राहायच्या. त्यांच्या त्या शांत बसण्यानेच आयांचा जीव टांगणीला लागायचा. आया एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने पोर धरून धावत यायच्या, आणि ताई म्हणायच्या, "सावकाश, सावकाश. मीच लवकर आलेय."

मीच लवकर आलेय, हे वाक्य त्यांनी नोकरीत किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. लग्नाला गेल्या तर मांडव घालणारे अजून शिडीवर असायचे. दवाखान्यात गेल्या तर झाडूवाली म्हणायची, "ताई, जरा पाय वर घ्या."

याला कारण होतं. लहानपणी शाळेची सहल निघाली होती, आणि वाटेत चपलेचा अंगठा तुटला म्हणून वडील चांभाराकडे थांबले. "अजून भरपूर वेळ आहे," असं ते म्हणाले होते. शाळेच्या फाटकाशी पोहोचल्यावर त्या पोरीला बसची फक्त पाठ दिसली. मागच्या काचेला नाक लावून मैत्रिणी हात हलवत होत्या. ते हलणारे हात ताईंच्या डोळ्यांपुढून कधीच गेले नाहीत.

आणि नवरा मिळाला तो कात्रीकाका. त्यांचं केस कापण्याचं दुकान होतं, आणि सावकाशपणा हाच त्यांचा स्वभाव. अर्ध्या गालाला साबण लावून ते गप्पा मारत उभे राहायचे, साबण वाळून जायचा आणि गिऱ्हाईकही हसून पुन्हा लावून घ्यायचं. तरी दोघांचं छान जमलं. ताई म्हणायच्या, "हे नसते तर मी वेडी झाले असते." काका म्हणायचे, "ही नसती तर मी अजून स्वतःच्या लग्नाला निघतच असतो."

ताई निवृत्त झाल्या तेव्हा लेकीने दोघांना जहाजाची सहल भेट दिली. बुकिंग करताना तिने बाबांचा ईमेल दिला, कारण आईचा ईमेलचा डबा शाळेच्या जुन्या पत्रांनी तुडुंब भरला होता. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच.

सहलीला अजून काही आठवडे होते, तेवढ्यात लेकीचा फोन आला. ऑनलाइन नावनोंदणी सुरू झालीये, बोर्डिंग पास आणि बॅगांना लावायच्या केबिन नंबरच्या पट्ट्या आता काढता येतील, असं ती म्हणाली. ताईंनी गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि तडक प्रिंटवालीचं दुकान गाठलं.

प्रिंटवालीने कागद बघितले. "ताई, एवढ्यात कशाला काढताय? या लोकांचं शेवटपर्यंत काहीतरी बदलत असतं. तीन-चार दिवस आधी या, मी काढून देते."

"आणि तेव्हा तुझं मशीन बंद पडलं तर?"

"मग दुसऱ्या दुकानात जाल."

"आणि त्याचंही बंद पडलं तर?"

प्रिंटवालीने हात टेकले. कागद निघाले, रंगीत निघाले, आणि ताईंनी विचारलं, "यांना लॅमिनेशन करता येईल का?"

"बोर्डिंग पासला? ताई, एकदाच दाखवायचा असतो तो!"

"पट्ट्यांनाही कर. पाऊस लागला तर?"

घरी आल्यावर त्यांनी ते चकचकीत कागद काकांपुढे धरले. काकांनी ते हातात घेऊन वाकवून बघितले. "अगं, यावर भाजी चिरता येईल."

"थट्टा पुरे. आता काही झालं तरी आपण तयार आहोत."

त्या दिवसापासून ताईंनी जहाजाचा नकाशा पाठ करायला घेतला. जिन्याने खाली, मग डावीकडे, आग विझवायच्या नळकांड्यापाशी वळायचं, की आपली केबिन. खिडकी नव्हती तिला, पण ताईंची तक्रार नव्हती. झोपायला कशाला हवी खिडकी?

निघायच्या दिवशी अर्थातच बंदराचा दरवाजा उघडायच्या आधी दोघं बाकावर बसलेले होते. हमाल आला, त्याने पट्ट्यांवरून कौतुकाने बोट फिरवलं आणि बॅगा गाडीवर टाकल्या. ताईंची छाती फुगली. आत खिडकीवरच्या मुलीने पासवरचा कोड मशीनला दाखवला, जराशी थांबली, दोन कार्डं पाकिटात घालून पुढे केली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या केबिनमध्ये एक छोटासा..."

"माहीत आहे गं, सगळं माहीत आहे," ताई म्हणाल्या आणि चालूही लागल्या. मागे एक मोठं कुटुंब कलकलाट करत उभं होतं, त्यामुळे मुलीनेही नाद सोडला.

जिन्याने खाली, मग डावीकडे, नळकांड्यापाशी वळण. एकदाही न चुकता ताई दारापाशी पोहोचल्या. कार्ड लावलं तर लाल दिवा. उलटं लावलं, तरी लाल. ओढणीला पुसून लावलं, तरी लालच. तेवढ्यात दार आतूनच उघडलं आणि एक उंच, धिप्पाड बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय पाहिजे?"

"तुम्ही आमच्या केबिनमध्ये आहात," ताई म्हणाल्या.

"तुमच्या?"

"हे बघा, छापलेलं आहे." ताईंनी पास पुढे केला.

बाईंनी तो हातात घेतला, वाकवायला गेल्या, तो वाकेना. "अहो, मी उभी हयात वाहतूक पोलिसात काढली. हजारो लायसन्स बघितली. इतकं पक्कं लॅमिनेशन एकाही लायसन्सला नव्हतं. पण माझ्या कार्डाने हे दार उघडतं आणि तुमच्या कार्डाने उघडत नाही. आता तुम्हीच सांगा."

मागून काका धापा टाकत आले आणि त्यांनी पहिल्यांदाच पाकिटावर काय लिहिलंय ते वाचलं. "अगं, यावर नंबर वेगळाच आहे. नववा मजला."

खोल्या बघणारा माणूस तिथूनच चालला होता. त्याने पाकीट बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "तुमची केबिन बदललीये, वरची मिळालीये, खिडकीवाली. कंपनीने ईमेल केला होता ना? कागद नव्याने काढा म्हणून लिहिलं असेल त्यात."

ताई हळूच नवऱ्याकडे वळल्या. काका छताकडे बघू लागले.

"अहो?"

"आला होता एक," काका म्हणाले. "वर लिहिलं होतं, अभिनंदन! आता अभिनंदन म्हणून येतं ते सगळं फसवाफसवीचं असतं, हे तूच मला शिकवलंस. मी लगेच उडवून टाकला. मला वाटलं, हुशारी केली."

पोलीसबाई आधी खोकल्या, मग भिंतीला टेकून पोट धरून हसायला लागल्या. काकाही हसले. ताई मात्र नाही हसल्या. वर गेल्यावर मोठ्या काचेतून समुद्र दिसत होता, तरी त्या पलंगाच्या कडेला पाठमोऱ्या बसून राहिल्या.

काका शेजारी बसले. "इतकं काय झालं? जहाज तर सुटलं नाही ना आपलं?"

"मी कधी चुकत नाही हो वेळेत."

"मग आता एकदा चुकलीस. कसं वाटतंय?"

ताईंनी जरा विचार केला. "घाण वाटतंय," त्या म्हणाल्या आणि स्वतःच फिस्सकन हसल्या. मग एकदम ताडकन उठल्या. "अहो, बॅगा! पट्ट्यांवर खालचा नंबर आहे!"

दार उघडून बाहेर पडतात तोच समोरून पोलीसबाई दोन्ही हातांनी दोन बॅगा ओढत येताना दिसल्या. मानेने वाटेतल्या लोकांना बाजूला व्हायची खूणही चालू होती. "तुमचा मुद्देमाल," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात बेवारस सोडून गेले होते. पट्टीला ओरखडाही नाही, मानलं तुम्हाला."

"आणि तुमची बॅग?" काकांनी विचारलं.

पोलीसबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "माझी आलीच नाही. पट्टीचं बंदरावर बघू म्हणून आले. तिथे म्हणे घरून छापून आणायची असते. एकाने हाताने काहीतरी चिकटवून दिलं, ते वाटेत पडलं असणार. शोधतायत. तोवर जेवायला याच घामट शर्टात जायचं."

ताईंनी एक शब्द न बोलता बॅग उघडली. त्यांनी एकाला दोन असे स्वेटर घेतले होते, न जाणो एखादा भिजला तर. त्यातला निळा पोलीसबाईंच्या अंगात जेमतेम बसला, मनगटं उघडीच राहिली. काकांनी आपला कंगवा काढला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि गप्पा मारत केस नीट करून दिले. इतक्या गप्पा, की जेवणाच्या हॉलमध्ये तिघं पोहोचले तेव्हा लोकांची सुपं संपली होती.

ताई दारातच अडखळल्या. सगळे बसलेले आणि आपण मागाहून येतोय, हा अनुभव त्यांना नवा होता. कुणी मान वर करूनही बघितलं नाही. वाढणाऱ्याने खुर्च्या ओढून दिल्या आणि गरम सूप आणलं. ते आधीच्यांना मिळालं त्याहून गरम होतं असं शेजारच्या टेबलवाल्यांचं म्हणणं पडलं.

बॅग दुसऱ्या दिवशी सापडली, पण तोवर ओळख जुनी झाली होती. ताई आणि पोलीसबाई रेलिंगला टेकून तासन्‌तास वाद घालत. पिवळ्या दिव्यावर थांबायचं की निघायचं, शाळेसमोर कुणाची चूक असते, कुणी कुणाला कितीदा अडवलं. दोघींनाही माघार माहीत नव्हती. काकांना मात्र जहाजावर गिऱ्हाईक मिळालं. खोल्या बघणाऱ्या माणसाच्या केसांची अवस्था त्यांना बघवेना.

पुढच्या वर्षी तिघांनी नदीवरच्या बोटीचं ठरवलं. या वेळी ईमेल ताईंनी स्वतःचा दिला आणि डबा रिकामा केला. नोंदणी सुरू झाली त्या दिवशी त्यांनी चपला घातल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. असं चार-पाचदा झालं. काकांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. निघायला तीन दिवस उरले तेव्हा ताईंनी आधी ईमेल वाचला, खोलीचे नंबर ताडून बघितले आणि मग तिघांचेही कागद साधे, काळेपांढरे काढून आणले. एकेक प्रत जास्त काढली, तेवढं मात्र केल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

मग पोलीसबाईंना फोन लावला. "तुझेही काढलेत गं. पट्ट्यांसकट."

"बरं झालं. मी म्हणत होते, बंदरावर बघू."

"ते माहीत आहे म्हणूनच काढले," ताई म्हणाल्या. "आणि हे बघ, सकाळी मी तुला घ्यायला येते. तू आवर सावकाश, मी खाली थांबीन."