चष्म्यातला म्हातारा

साल दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा. त्या सालातली ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, लेकाला नाही, देवळात हात जोडूनही नाही. कागदा, तुला सांगतो. चौथी शिकलेला माणूस मी, पण लिहायला येतं मला.

पेणच्या खाडीवर चाळीस वर्षं मिठागरात अनवाणी काढली. आमच्यात माणूस पायावरून ओळखतात. माझा दोस्त धर्मा तर कालवांच्या शिंपल्यांवरून चालून दाखवायचा. मी काय कमी होतो?

नर्सिंगच्या पोरी समाजमंदिरात साखरवाल्यांचे पाय तपासायला आल्या. रक्तात साखर मलाही आहे. त्यांच्या मॅडमनी सांगितलं, पोरी आधी डोळ्यांवर कॉम्प्युटरचा मोठा चष्मा बांधून शिकतात. आत दवाखाना दिसतो, खुर्चीत एक म्हातारा बसलेला दिसतो, त्याचा पाय तपासतात.

"तुझ्यापेक्षा देखणा असंल तो," धर्मा म्हणाला.

"त्याला पाटीभर मीठ उचलाया सांग," मी म्हटलं. सगळे हसले.

माझ्या वाट्याला तळ्याकडची दर्शना आली. हातात नायलॉनचा बारीक धागा. "आजोबा, डोळे मिटा. धागा लागला की हो म्हणा."

मिटले. बसलो वाट बघत. ती कधी लावते? — तेवढ्यात धर्मा ओरडला, "झोपला का रं?" आणि मला समजलं. ती केव्हाची लावत होती.

चाळीस वर्षांचा पाय, आणि सगळ्यांसमोर मेलेला निघणार? मी डोळे किलकिले केले. हात टेकला की हो. अंगठा — हो. टाच — हो. पोर खूश झाली. "आजोबा, तुमचे पाय एकदम चांगले!" तसंच लिहिलं. मी धर्माकडे बघून मिशीवर हात फिरवला.

दोन महिन्यांनी कालवाची शिंपी अंगठ्यात घुसली. आठ दिवस तिच्यासकट चाललो, कळलं नाही. अंगठा कापावा लागला. दवाखान्यात मॅडम वही घेऊन आल्या — यात तर पाय चांगला लिहिलाय? लेक होता, धर्मा होता. दर्शना त्याच वॉर्डात शिकायला होती, खाटेच्या पायथ्याशी उभी. आणि मी —

"चष्म्यात खेळून शिकलेली पोर ती. धागा लावलाच न्हाय तिनं. खोटं लिवलं."

"लावला होता, मॅडम," ती एवढंच म्हणाली. कोण ऐकतं? माझ्या पिकल्या केसांना वजन होतं. सोमवारपासून तिचं वॉर्डात येणं बंद, पुन्हा नव्या पोरींबरोबर चष्म्याला बसायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. खोटं लिहिणारी, हे नाव तिला मी दिलं.

चष्म्यातला म्हातारा खोटं बोलत नाही. त्याच्याकडे धर्मा बघत नसतो. तेवढंच तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला तीच आली. सोमवार अजून लांब होता. पाय हातात घेतला, जखम पुसली. मला काही कळत नव्हतं — कापूस नाही, चिमटा नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस बघत होता. मी दात आवळले.

"हळू गं पोरी," म्हटलं, "लागतंय."

"सॉरी, आजोबा," ती म्हणाली, आणि तिने हात आणखी हलका केला.