भावाच्या घरी पाहुणी

मोठा भाऊ मनाने लहानच राहिला. त्याच्या भाकरीचे तुकडे मीच करायचे आणि वर बजावायचे, फुंकून खा. गेल्या वर्षी तो दोंडाईच्यात वेगळ्या खोलीत राहायला गेला. एका संस्थेच्या ताई रोज येऊन त्याला घर चालवायला शिकवतात. मला हे मुळीच पटलं नव्हतं. महिनाभर मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

परवा त्याने मला भरीत खायला बोलावलं. मी कांदा चिरायला उठले, तर म्हणाला, "तू बस. बठ्ठं मी करसू." सगळं एकट्यानेच करायचं त्याने ठरवलं होतं. ताई हसल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. त्याने वांगी भाजली, ठेचली, ताट वाढलं. मग समोर बसून माझ्या भाकरीचे बारीक तुकडे केले.

"गरम शे. फुकीसन खाय."

मी निमूटपणे फुंकून खाल्लं.