भिंतीपलीकडची मालिका आणि प्राचीची सोयरीक

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी आमच्या निजामपुऱ्यातल्या घरी पाहुणे आले... आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

माझी लेक प्राची राहनाळच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात काम करते. तिथल्याच सागरशी तिचं जमलं. मुलगा लाखात एक, पण वडील दिघाशी गावचे, भलतेच कडक. "प्रेमबिम आपल्या घरात चालनार न्हाय," हे त्यांचं ठरलेलं. पोराच्या हट्टाखातर चहाला येतो म्हणाले, पण नकार द्यायलाच येणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. प्राचीचा चेहरा तर बघवत नव्हता.

शुक्रवार मुद्दाम धरला, कारण त्या दिवशी गल्लीतले कापड विणायचे लूम बंद. एरवी आमच्याकडे पाहुण्यांशी बोलायचं तर घसा फोडावा लागतो.

पण शेजारच्या रझियाभाभींना लूमच्या खडखडाटात मालिका ऐकायची सवय... शुक्रवारीही टीव्हीचा आवाज तेवढाच! सागरचे वडील घसा खाकरून बोलायला लागणार, तोच भिंतीपलीकडून नायिकेचा हुंदका आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सागरच्या आईंनी मात्र कान टवकारले. "अगं बाय, आज तिचा बाप काय ते सांगनार हाय! ताई, टीव्ही लावा ना..."

लावला. काय करणार? बोलणी राहिली बाजूला, सगळे टीव्हीला चिकटले. सागरचे वडील तर खुर्ची पुढे ओढून बसले, म्हणजे हेही रोजचेच गिऱ्हाईक! मालिकेतल्या बापाने पोरीला ठणकावलं, या मुलाला विसर.

सागरचे वडील ताडकन उठले. "कसला बाप हाय हा! पोरांचा एकमेकांवर जीव हाय, पोरगा कमावता हाय... याचं काय आडलंय?"

सागर मान खाली घालून बसलेला, मी पदराचं टोक पिळत उभी.

सागरच्या आई शांतपणे म्हणाल्या, "आता हाच न्याय घरी पन लावा."

सागरच्या वडिलांनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा सागरकडे. मग खाली बसले, रुमालाने डोळे टिपले आणि प्राचीला म्हणाले, "पोरी, घरात काय गोड असंल तर आन."

हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला हो...

मालिकांतलं तेच प्रेम, तेच रडणं, लोकांना कंटाळा कसा येत नाही, असं पुष्कळजण विचारतात. मला वाटतं, आपल्या घरात माणूस आधी बाप असतो, घराण्याची अब्रू असतो. दुसऱ्याच्या प्रेमाची गोष्ट बघताना तेवढा वेळ तो हे सगळं विसरतो. त्या लिहिणाऱ्यांचं भलं होवो.

पाहुणे गेले आणि प्राची माझ्या गळ्यात पडून अशी रडली, की कुठली नायिका काय रडेल... मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. या रडण्याला मी तरी नावं ठेवणार नाही.